बीजसंस्कार आणि अंशांकन : अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील ऊर्जामापनाचा इतिहास

१

वेधयंत्र प्रथम सिद्ध होते तेव्हा त्याचे अंशांकन करावे लागते. यंत्राने दाखविलेल्या अमुक अंकाचा अर्थ प्रत्यक्षातील अमुक राशी, असे नाते ज्ञात प्रमाणांच्या साहाय्याने बांधून देणे म्हणजे अंशांकन होय. वाण्याच्या तराजूत प्रमाणित वजने घालून काटा तपासतात, तोच हा व्यवहार. परंतु तराजू दुकानात असतो. शंका आली की तो पुन्हा तपासता येतो. पृथ्वीपासून सुमारे साडेसहाशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहातील यंत्राला मात्र कोणास हात लावता येत नाही. ते वर्षानुवर्षे जीर्ण होत जाते आणि त्याच्या जीर्णतेचे मान दुरूनच, त्याने पाठविलेल्या अंकांवरूनच ठरवावे लागते. ज्या साक्षीदाराच्या स्मरणाविषयी शंका आहे, त्याच्याच जबानीवरून त्या शंकेचा निर्णय करावयाचा, असा हा प्रसंग आहे.

भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट हा खगोलीय वेधांचा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ह्या अग्निबाणाने कक्षेत सोडण्यात आला. त्याचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला दहा वर्षे पूर्ण झाली. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या घडणीत व देखरेखीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे आयुका ह्या महाराष्ट्रातील दोन संस्थांचा मोठा वाटा आहे. ह्या उपकरणांनी ऊर्जा मोजली कशी, ती जीर्ण होऊ लागल्यावर मापनात कोणते दोष उत्पन्न झाले आणि त्यांचे निरसन कोणत्या आधारावर करण्यात आले, ह्याचा इतिहास थोडक्यात सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ह्या इतिहासाची पूर्वपीठिका शोधू गेल्यास रत्नागिरी जिल्ह्याशी दोन ठिकाणी गाठ पडते. तेथूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

२

पहिले ठिकाण विजयदुर्ग. हा किल्ला आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. परंतु १ मे १९८१ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा ह्याच किनाऱ्यावरून भूमीवर चढला आणि जमखंडी, गुंटूर व मच्छलीपट्टण ह्या बाजूंनी पूर्वसमुद्राकडे गेला. किल्ल्यातील 'साहेबाचे कट्टे' ह्या नावाने ओळखले जाणारे ओटे ह्या ग्रहणाची स्मृती म्हणून दाखविले जातात. लोकपरंपरा त्यांचा संबंध नॉर्मन लॉकियर ह्यांच्याशी जोडते. परंतु लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते. ग्रहणाचे प्रसिद्ध वेध जमखंडीस जॉन हर्शेल, गुंटूर येथे टेनंट व फ्रेंच ज्योतिषी जान्सेन, आणि मच्छलीपट्टण येथे पॉग्सन ह्यांनी घेतले.

सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट ह्या ग्रहणात प्रथमच पाहावयास मिळाला. त्यात एक तेजस्वी पिवळी रेषा होती. पिवळ्या भागात सोडियमची जोडरेषा सर्वांच्या परिचयाची होती. तेव्हा ही रेषाही सोडियमचीच असावी, असा तर्क साहजिक होता. लॉकियर ह्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणावाचूनच सौरज्वाळांचा वर्णपट मिळविला. त्यानंतर रेषांची स्थाने अधिक सूक्ष्मतेने ताडून पाहता असे निश्चित झाले की ही रेषा सोडियमच्या जागी नाही. ती किंचित बाजूला आहे. आजच्या मानाने सोडियमच्या रेषा ५८९·० व ५८९·६ नॅनोमीटरवर, तर ही नवी रेषा ५८७·६ नॅनोमीटरवर आहे. ह्या दीड नॅनोमीटरहूनही अल्प अंतरात एक संपूर्ण मूलद्रव्य दडलेले होते. त्यास हीलियम असे नाव मिळाले आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी ह्यांनी ते पृथ्वीवरील खनिजातून वेगळे काढले. मापपट्टी दीड नॅनोमीटरने सरकलेली असती, तर त्या रेषेला सोडियम म्हणून सर्वजण स्वस्थ बसले असते. मापपट्टीचा प्रश्न हा केवळ हिशेबाचा प्रश्न नसून वस्तूच्या ओळखीचा प्रश्न आहे, हा ह्या प्रसंगाचा बोध होय.

३

दुसरे ठिकाण दापोली तालुक्यातील मुरुड. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) ह्या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा जन्म १८५३ साली ह्या गावी झाला. दीक्षितांनी आपल्या ग्रंथात भारतीय सिद्धांतांची भगणमाने एकत्र करून परस्परांशी व आधुनिक मानांशी ताडून पाहिली. हे करताना त्यांना एका विषयाचा सतत विचार करावा लागला. तो म्हणजे बीजसंस्कार.

बीजसंस्काराचे तत्त्व सोपे आहे. ग्रहाच्या मध्यमगतीत अत्यल्प चूक असली तरी ती शतकानुशतके साचत जाते आणि अखेरीस गणिताने आलेला ग्रह व आकाशात दिसणारा ग्रह ह्यांत डोळ्यांना जाणवेल इतके अंतर पडते. मग कोणी वेधकुशल ज्योतिषी पुढे होऊन मूळ मानांत कमीजास्त करतो. हा जो कमीजास्तपणा तोच बीजसंस्कार. आर्यभटाच्या मानांना लल्लाने असे संस्कार सांगितले. कोकणच्याच किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये 'ग्रहलाघव' रचले, तेव्हा त्याने कोणत्याही एका पक्षाचा आग्रह धरला नाही; जो ग्रह ज्या पक्षाने आकाशाशी जुळला तो त्या पक्षाचा घेतला, आणि शनी कोणत्याच पक्षाने जुळेना तेव्हा आर्यपक्षाच्या शनीत पाच अंश मिळविले. गणित दृक्प्रत्ययास आले पाहिजे, म्हणजे डोळ्यांना पटले पाहिजे, हा त्यामागील आग्रह. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) व त्यानंतरचे पटवर्धनी पंचांग ही ह्याच आग्रहाची एकोणिसाव्या शतकातील रूपे होत.

ह्या परंपरेत एक उणीवही होती. संस्काराचा अंक ग्रंथातून मिळतो. परंतु तो ज्या वेधांवरून काढला ते वेध, त्यांचे दिवस व त्यांची यंत्रे ह्यांची नोंद बहुधा मिळत नाही. त्यामुळे पुढच्या पिढीला पूर्वीचा संस्कार तपासता येत नाही. तो स्वीकारावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो. चूक कोठे आहे, मूळ मानात की वेधात, ह्याचा निर्णय होत नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या इतिहासाकडे वळताना हा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा.

४

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात. म्हणून त्यांचे खगोलीय वेध अग्निबाण, अत्युच्च फुगे किंवा उपग्रह ह्यांच्यावरूनच घ्यावे लागतात. सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण उद्गम जून १९६२ मध्ये एका अग्निबाणाच्या उड्डाणात वृश्चिक राशीत सापडला. क्ष-किरण खगोलशास्त्राला वाहिलेला पहिला उपग्रह 'उहुरू' डिसेंबर १९७० मध्ये सुटला. भारतात टाटा संस्थेने हैदराबादहून फुग्यांची उड्डाणे केली. १९७५ च्या 'आर्यभट' उपग्रहावर क्ष-किरणांचे उपकरण होते. आणि १९९६ मध्ये आयआरएस-पी३ ह्या उपग्रहावर क्ष-किरण गणित्रे पाठविण्यात आली. अ‍ॅस्ट्रोसॅट ह्या मालिकेतील पुढची व फार मोठी पायरी होय.

अ‍ॅस्ट्रोसॅटवरील तीन उपकरणे प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. पहिले लॅक्सपीसी. ह्यात झेनॉन व मिथेन ह्यांचे मिश्रण सुमारे दोन वातावरणांच्या दाबाने भरलेली तीन मोठी प्रमाणशीर गणित्रे असून ती ३ ते ८० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ह्या पट्ट्यात काम करतात. दुसरे एसएक्सटी, म्हणजे मृदू क्ष-किरणांची दुर्बीण. हिचा पट्टा ०·३ ते ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि हिच्या नाभीशी सिलिकनची सीसीडी बसविलेली आहे. तिसरे सीझेडटीआय, ह्यात कॅडमियम-झिंक-टेल्युराइड ह्या अर्धसंवाहकाचे ६४ तुकडे असून प्रत्येकात २५६ याप्रमाणे एकंदर १६,३८४ चित्रकण आहेत.

ह्यांपैकी कोणतेही उपकरण ऊर्जा प्रत्यक्ष मोजीत नाही, ही गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. क्ष-किरणाचा एक फोटॉन वायूत शिरला की तो आपल्या ऊर्जेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन मोकळे करतो. हे इलेक्ट्रॉन उच्च विद्युत्-दाबाच्या तारेकडे धावताना आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि शेवटी एक विद्युत्-स्पंद मिळतो. त्या स्पंदाच्या उंचीला एक अनुक्रमांक दिला जातो, आणि तेवढाच अंक पृथ्वीवर येतो. अमुक अनुक्रमांक म्हणजे अमुक ऊर्जा, हे कोष्टक आपण लावावयाचे असते. इलेक्ट्रॉनांची संख्या किती पटींनी वाढावी हे तारेवरील विद्युत्-दाब व वायूची घनता ह्यांवर अवलंबून असते. ह्या दोहोंपैकी एकही बदलले, तरी तोच फोटॉन निराळ्या अनुक्रमांकावर जाऊन पडतो.

५

उपग्रह सुटण्यापूर्वी ही कोष्टके प्रयोगशाळेत तयार झाली होती. परंतु आकाशात गेल्यावर ती टिकणार नाहीत हे जाणून प्रत्येक उपकरणाबरोबर एक प्रमाणही पाठविण्यात आले होते. लॅक्सपीसीच्या प्रत्येक गणित्रात अमेरिशियम-२४१ चा एक लहान उद्गम असून त्याचे ५९·५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण एका संरक्षक तारेवर पडतात. झेनॉनमधून काही ऊर्जा निसटून गेल्यामुळे सुमारे ३० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर आणखी एक शिखर मिळते. ही दोन शिखरे कोणत्या अनुक्रमांकावर आहेत हे पाहत राहिले की गणित्राचे वर्धन बदलत आहे किंवा नाही हे कळते.

ते बदलत होते. तिसऱ्या गणित्रातून, म्हणजे लॅक्सपीसी ३० मधून, वायू हळूहळू गळत असल्याचे आढळून आले. वायू विरळ झाला की इलेक्ट्रॉनांना दोन टकरींमध्ये अधिक वेग मिळतो आणि वर्धन वाढते. म्हणून शिखरे वरच्या अनुक्रमांकाकडे सरकू लागली. त्यावर उपाय म्हणून विद्युत्-दाब वेळोवेळी कमी करून शिखरे मूळ जागी आणण्यात आली. परंतु गळतीने केवळ वर्धनच बदलत नाही. विरळ वायूतून अधिक ऊर्जेचे फोटॉन न अडता निघून जातात, तेव्हा गणित्राची ग्रहणक्षमताही बदलते. आणि हा बदल विद्युत्-दाबाने भरून निघत नाही. तो गणितानेच हिशेबात धरावा लागतो. म्हणून एकाच कोष्टकाऐवजी निरनिराळ्या काळांसाठी निरनिराळी कोष्टके तयार करावी लागली. मार्च २०१८ मध्ये लॅक्सपीसी ३० बंद करण्यात आले. लॅक्सपीसी १० च्या वर्धनातही अनियमितपणा आला होता. पहिल्या पाच वर्षांच्या आढाव्यात, तिहींपैकी एकच गणित्र, म्हणजे लॅक्सपीसी २०, नेहमीप्रमाणे काम करीत असल्याचे ह्या उपकरणाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये नमूद केले; आणि त्याच आढाव्यात वायूचा दाब, वर्धन, विभेदनक्षमता व पार्श्वभूमी ह्यांचा कालानुसार बदल मांडून ठेवला.

एसएक्सटीची कथा वेगळी आहे. तिच्या सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ चे चार उद्गम सतत किरण टाकीत असतात. त्यांपासून मँगॅनीजची ५·९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा मिळते. येथे प्रमाणच नश्वर आहे. लोह-५५ चे अर्धायुष्य सुमारे पावणेतीन वर्षांचे असल्यामुळे दहा वर्षांत त्याचे तेज मूळच्या सुमारे एक द्वादशांशावर येते. यंत्र जसजसे जीर्ण होते व तपासणीची गरज वाढते, तसतसा तपासणीचा दिवा मंद होत जातो. शिवाय कोपऱ्यावरील दिवा मध्यभागाची स्थिती सांगत नाही, आणि ५·९ वरील रेषा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या ऊर्जेवर काय चालले आहे ते सांगत नाही. तेव्हा सिलिकन व आरशावरील सोने ह्यांच्या शोषणकडा जेथे येतात त्या २ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास मोजमापात जो किंचित सरक दिसतो, तो एका किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दोनतीन शतांशांच्या संस्काराने दुरुस्त करण्याची रीत अभ्यासकांत रूढ झाली. गणेश दैवज्ञाच्या पाच अंशांशी ह्या संस्काराचे नाते वाचकांच्या लक्षात येईलच.

सीझेडटीआयमध्ये अमेरिशियमचीच योजना आहे, पण अधिक चतुराईने. अमेरिशियमचे केंद्रक फुटताना अल्फा कण व ५९·५ चा फोटॉन एकदमच बाहेर पडतात. अल्फा कण निराळ्या अभिज्ञातकात टिपला जातो आणि त्याच क्षणी आलेल्या फोटॉनावर 'हा आपल्या घरचा' अशी खूण केली जाते. त्यामुळे आकाशातून आलेले फोटॉन व प्रमाणाचे फोटॉन ह्यांची सरमिसळ होत नाही. अमेरिशियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे असल्याने दहा वर्षांत त्याचे तेज शेकडा दोनहूनही कमी घटते. तिन्ही उपकरणांस उपग्रहाच्या कक्षेचाही लाभ झाला. ती विषुववृत्ताशी सुमारे सहाच अंश कललेली असल्यामुळे दक्षिण अटलांटिकावरील विद्युत्-भारित कणांच्या दाट प्रदेशाचा बराच भाग टळतो आणि त्या कणांनी होणारी हानी मर्यादित राहते.

६

सोबत पाठविलेली प्रमाणे अशी एकाकोपऱ्यात असल्यामुळे त्यांना आकाशातील प्रमाणाची जोड द्यावी लागते. ह्या कामी क्ष-किरण ज्योतिषात वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिका अनेक दशके प्रमाण मानली गेली. इ. स. १०५४ मध्ये दिसलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचा हा अवशेष. त्याचा क्ष-किरण वर्णपट साधा व उतरता असून तेज स्थिर असल्याची समजूत होती. इतकी की दुसऱ्या उद्गमांचे तेज 'इतके क्रॅब' असे सांगण्याचा प्रघात पडला. लॅक्सपीसीची कोष्टकेही क्रॅबच्या वेधांवर ताडून पाहिली गेली.

परंतु २०११ मध्ये असे प्रसिद्ध झाले की २००८ पासून दोन वर्षांत क्रॅबचे क्ष-किरण तेज सुमारे शेकडा ७ ने उतरले आहे. हा निष्कर्ष एकाच उपग्रहावरून काढला असता तर 'यंत्र जीर्ण झाले' असे म्हणून तो बाजूला पडला असता. किंबहुना क्रॅब स्थिरच आहे ह्या गृहीतावर यंत्राचे कोष्टक सुधारले गेले असते आणि आकाशातील खरा बदल कायमचा पुसला गेला असता. निरनिराळ्या बनावटीच्या अनेक उपग्रहांवरील यंत्रांनी एकच उतरण दाखविली म्हणूनच तो ताऱ्याच्या अवशेषातील बदल ठरला. बीजसंस्काराचा धोका येथे स्पष्ट होतो. संस्कार हा चुकीचे निरसन करतो; तसाच तो सत्याचेही निरसन करू शकतो.

ह्याहून सूक्ष्म प्रसंग शौरी तारकासमूहातील हर्क्युलीस एक्स-१ ह्या न्यूट्रॉन ताऱ्याचा आहे. अशा ताऱ्याच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ठराविक ऊर्जेचेच फोटॉन शोषतात व वर्णपटात एक खळगा पडतो. त्यास सायक्लोट्रॉन रेषा म्हणतात. क्षेत्र एक लक्ष कोटी गौस असेल तर तिची ऊर्जा, गुरुत्वाकर्षणाने येणारी घट सोडल्यास, सुमारे ११·६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि ती क्षेत्राच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ऊर्जेचे मापन हेच चुंबकीय क्षेत्राचे मापन होय. ह्या ताऱ्यात ही रेषा १९७६ च्या फुग्याच्या उड्डाणात प्रथम आढळली. पुढे १९९६ ते २०१२ ह्या काळात तिची ऊर्जा सुमारे ४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टने उतरल्याचे दिसले. एवढी उतरण वायूच्या गळतीने, विद्युत्-दाबाच्या चढउताराने किंवा एका उपग्रहाच्या मापपट्टीकडून दुसऱ्याच्या मापपट्टीकडे जाताना सहज उत्पन्न होऊ शकते. तारा बदलला की यंत्र बदलले? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास सर्व उपग्रहांच्या अंशांकनाचा वर्षवार इतिहास हाताशी असणे अवश्य होते. तो होता, म्हणून उतरण खरी ठरली. नंतर ती थांबून रेषा स्थिरावल्याचे आढळले, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या विषयाच्या अभ्यासात अ‍ॅस्ट्रोसॅटच्या वेधांचाही समावेश झाला. अ‍ॅस्ट्रोसॅटची साक्ष ग्राह्य धरली गेली ती त्याच्या यंत्रांत दोष नव्हते म्हणून नव्हे. दोष कोणता, केव्हापासून व किती, हे लिहून ठेवलेले होते म्हणून.

७

एकंदर विवेचनावरून असे दिसून येईल की अंशांकन हे यंत्राच्या जन्मकाळचा एक विधी नसून त्याच्या आयुष्यभराचा इतिहास आहे. नव्या यंत्राची सूक्ष्मता कितीही मोठी असो, दहावीस वर्षांत होणारा संथ बदल त्याला एकट्याला दाखविता येत नाही. त्यासाठी दीर्घायुषी यंत्रे लागतात, आणि दीर्घायुषी यंत्र म्हटले की जीर्णता आलीच. १ जानेवारी २०२४ रोजी सुटलेल्या एक्सपोसॅटसारख्या पुढील उपग्रहांच्या मापपट्टीचा जुन्या वेधांशी सांधा जुळवावयाचा, तर तो ह्या नोंदींच्याच आधारे जुळेल.

विजयदुर्गावरून गेलेल्या ग्रहणाने दाखविले की मापपट्टी अचूक असेल तर दीड नॅनोमीटरहून कमी अंतरातही नवे द्रव्य सापडते. मुरुडच्या दीक्षितांच्या ग्रंथावरून कळते की मापे कालांतराने ढळतात व ती आकाशाकडे पाहून सुधारावी लागतात. आणि सुधारलेला अंक मागे राहिला, पण वेध राहिले नाहीत, तर इतिहासकाराचे हात कसे बांधले जातात तेही कळते. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या बाबतीत ही उणीव राहू नये अशी व्यवस्था झालेली आहे. संस्कारित अंकांबरोबर यंत्राने पाठविलेले मूळ अनुक्रमांकही जतन होतात, आणि कोष्टके कालानुसार स्वतंत्र ठेवली जातात. त्यामुळे उद्या कोणाला आजचा संस्कार चुकीचा वाटला, तर तो काढून टाकून मुळापासून हिशेब मांडता येईल. उपग्रह केव्हा तरी मूक होईलच. त्यानंतरही ह्या मूळ नोंदी, त्यांतील सदोष वर्षांच्या नोंदींसह, वाचता येतील अशा स्थितीत राखणे हे वेध घेण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. कारण शंभर वर्षांनी एखाद्या ताऱ्याचा संथ बदल शोधणाऱ्याला आपल्या निष्कर्षांपेक्षा आपले वेध अधिक उपयोगी पडतील.